गुरुवारचं वाचन

त्या रविवारी मी ऐनवेळी शास्त्रभाग बदलला.

आदल्या आठवड्यात जाहीर केला होता हरवलेल्या मेंढराचा भाग. पण शनिवार उलटला तरी उपदेश काही जमेना, म्हणून शिकत असताना लिहिलेला, समुद्रावरच्या वादळाचा एक जुना उपदेश मी पेटीतून काढला. घंटा झाली, पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली आणि मी म्हणालो, "आजचं वाचन थोडं बदललं आहे. मार्काचं शुभवर्तमान, चौथा अध्याय. सावळेरामबाबा, या."

सावळेरामबाबा पगारे पहिल्या बाकावरून उठले. वय सहासष्ट. धंद्यानं गवंडी. पांढरं धोतर, काळा कोट, टोपी काढून काखेत. निंबगव्हाणच्या देवळात चाळीस वर्षं शास्त्रवाचन त्यांचंच. मी तिथं पाळक म्हणून येऊन जेमतेम दहा महिने झाले होते आणि पहिल्याच रविवारी मला कळलं होतं, की उपदेश कसाही झाला तरी लोक घरी जाताना तृप्त असतात ते या माणसाच्या वाचनामुळे. घाई नाही, नाटक नाही. शब्द असा ठेवायचे, जशी वीट ठेवावी आणि वरून हलकेच ठोकावी.

त्यांनी टेबलावरचं मोठं शास्त्र उघडलं. पानं उलटली. थांबले. देवळात कोणी तरी खोकलं. मग त्यांनी सुरुवात केली, आणि ते वादळ नव्हतं. ते हरवलेलं मेंढरूच होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता.

मी त्यांच्या डाव्या अंगाला, जरा मागे, खुर्चीवर बसलो होतो. माझ्या जागेवरून पान दिसत होतं. कुठल्याशा जुन्या राजांच्या वंशावळीचं पान होतं ते.

लोकांत चुळबूळ झाली नाही. मीही उठून वादळावर बोललो. मेंढराचा आणि वादळाचा संबंध कसाबसा जोडला.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या चारच्या सुमारास सावळेरामबाबा माझ्या ओसरीवर आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"पाळकसाहेब, तुम्ही पाह्यलं नव्हं?"

"काय बाबा?"

"पान."

मी खुर्ची पुढे सरकवली. मग ते बसले, खुर्चीवर नाही, पायरीवर.

"मला वाचता येत न्हाई," ते म्हणाले. "कधीच येत नव्हतं."

त्यांनी सगळं सांगितलं ते साधारण असं. त्यांचं लग्न झालं तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. बायको राहेल, मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिच्या वडिलांनी मुलगी दिली खरी, पण अडाण्याच्या गळ्यात पोरगी बांधली म्हणून चारचौघांत बोलून दाखवायचे. लग्नानंतर तिसऱ्या रविवारी गावात नवे पाळक आले. त्यांनी देवळात विचारलं, शास्त्र कोण वाचील? सासरे शेजारच्या बाकावर बसले होते. सावळेरामबाबांचा हात वर गेला.

"का ग्येला ते अजून मला ठावं न्हाई. हातच तो, ग्येला."

घरी आल्यावर राहेलबाई रागावल्या नाहीत. पुढच्या रविवारचा भाग पाळकांनी आधीच जाहीर केला होता. त्यांनी तो रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता वाचून दाखवला. शनिवारपर्यंत नवऱ्याला तोंडपाठ. तसं चाळीस वर्षं चाललं. गेल्या जानेवारीत राहेलबाई वारल्या. त्यानंतर मी जाहीर केलेले भाग नशिबानं सगळे जुने, पाठ असलेले निघाले. पण आता यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातले भाग लागायचे होते, आणि त्यांतले पुष्कळ त्यांच्या वाट्याला कधी आले नव्हते.

"तर येक काम व्हतं," ते म्हणाले. "गुरुवारचं मी येत जाईन. तुम्ही तीनदा वाचायचं. मला पुरे व्हतं."

"बाबा, मी तुम्हाला वाचायलाच शिकवतो की."

ते हसले. "राहेलनं तीनदा शिकवून पाह्यलं. अक्षर डोळ्यात धरत न्हाई. कानात धरतं. आता ऱ्हायले किती दिस? चालतंय तसं चालू द्या." मग पायरीवरून उठत म्हणाले, "आन् ह्ये आपल्या दोघांतच."

"आपल्या दोघांतच," मी म्हणालो.

त्यानंतर दर गुरुवारी चारला ते येत. मी वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. एक ओळ झाली की मान हलवायचे, "बसला थर. आता फुडला." तिसऱ्या वाचनाला ते माझ्याबरोबर ओठ हलवायचे, आणि मी एखादा शब्द गाळला तर सांगायचे. खरं सांगायचं तर उपदेश कसा वाचावा हे मी त्या गुरुवारांत शिकलो. सेमिनरीत आम्हाला आवाज कुठं चढवावा, कुठं उतरवावा हे शिकवलं होतं. सावळेरामबाबा आवाज कुठंच चढवीत नसत.

उपदेश लिहावा कसा, हे शिकवणारे दुसरे होते.

देवळामागच्या दोन खोल्यांत रेव्हरंड बार्नबस ओहोळ राहत. चाळीस वर्षांपूर्वी आलेले ते नवे पाळक म्हणजे हेच. निवृत्त झाल्यावरही गाव सोडून गेले नाहीत. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. चहा स्वतः करायचे. उकळीचा आवाज ऐकून साखर टाकायचे. मी गावात आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं, "शीलवंत, शनिवारी सकाळी उपदेश घेऊन येत जा. वाचून दाखव. मला करमणूक होईल, तुझं नुकसान होणार नाही."

मी शिकून आलेला, सव्वीस वर्षांचा. मला ते फारसं आवडलं नाही. तरी जायचो.

"हा ग्रीक शब्द कशाला?"

"मूळ अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून, साहेब."

"निंबगव्हाणात ग्रीक कोणी राहत नाही. काढ."

असं चालायचं. उपदेश पंचवीस मिनिटांचा असला तर म्हणायचे, अर्धा कर. अर्धा करून नेला तर म्हणायचे, आता यात तुला जो भाग सगळ्यात आवडतो तो काप, तो तू स्वतःसाठी लिहिलायस. कधी उपदेशाचं सोडून दुसरंच सांगायचे. "आजाऱ्याकडे गेलास की उशाशी बसू नको, पायथ्याशी बस. त्याला मान वळवावी लागत नाही." "मयताच्या घरी गेलास की लगेच शास्त्र उघडू नको. आधी बघ, घरात पाणी भरलंय का." एकदा मी देवळाचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींतल्या एका भांडकुदळ गृहस्थाला मनात धरून क्षमेवर जोरदार लिहिलं होतं. त्यांनी दुसऱ्याच परिच्छेदाला हात वर केला. "कोणाला मारतोयस?" मी नाव सांगितलं. "त्याला घरी जाऊन सांग. तिथं तो उलट बोलू शकेल. देवळात तू उभा, तो बसलेला. बांधलेल्या माणसाला मारणं झालं ते."

आणि एक प्रश्न ते हमखास विचारायचे. उपदेशात कुठल्या माणसाची गोष्ट आली, की म्हणायचे, "हा माणूस कोण? त्याला विचारलंस?"

त्या वर्षी नोव्हेंबरात नगरला आमच्या मंडळ्यांची, म्हणजे गावोगावच्या देवळांतल्या लोकांची, वार्षिक सभा भरायची होती. एका शाळेच्या पटांगणात मोठा मंडप, तीन दिवस, जिल्ह्याभरातून दीड-दोन हजार माणसं. समारोपाचा उपदेश दर वर्षी कोणी तरी थोर माणूस करी. त्या वर्षीचे वक्ते आजारी पडले आणि कोणी तरी माझं नाव सुचवलं. पत्र आलं तेव्हा आठच दिवस उरले होते. विषय ठरलेला होता: नम्रता.

मी दोन दिवस लिहिलं आणि फाडलं. नम्रतेवर बोलणं अवघड. सगळं आधीच कोणी तरी बोललेलं असतं. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. सावळेरामबाबा आले, पायरीवर बसले, डोळे मिटले. ते गेल्यावर मी आत जाऊन टेबलाशी बसलो आणि उपदेश एका बैठकीत लिहून झाला.

शनिवारी तो ओहोळसाहेबांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "बरा आहे," म्हणाले. "मध्ये कुठं तरी पोकळ वाटतो. पण बरा आहे."

सभेच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोनला मी उभा राहिलो. मंडप भरलेला होता. मागे लोक उभे होते. मी पहिली दहा मिनिटं जे बोललो ते आज मला आठवत नाही. त्यानंतर मी म्हणालो, "एका खेड्यात एक सुतार आहे." आणि ती गोष्ट सांगितली. लग्न, सासरा, वर गेलेला हात, भाकरी थापता थापता वाचणारी बायको. बायको गेल्यावर तो म्हातारा पाळकाच्या दारात येतो आणि पायरीवर बसून म्हणतो, मला वाचता येत नाही. "बंधुभगिनींनो," मी म्हणालो, "नम्रता म्हणजे ती पायरी आहे."

मंडपात बायका डोळे पुसत होत्या. पुरुषही. मी खाली बसलो तेव्हा गीत सुरू व्हायला वेळ लागला, कारण पेटीवाल्याला चष्मा पुसायचा होता.

सभा संपल्यावर लोकांनी मला वेढलं. शहरातल्या एका मोठ्या मंडळीचे चिटणीस माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आमचे पाळक मार्चमध्ये निवृत्त होतायत. तुम्ही विचार करा. खेड्यात तुमचा आवाज वाया जातोय." मी विचार करतो म्हणालो. खरं तर विचार करून झाला होता.

हात धुवायला मी नळाकडे गेलो. तिथं सावळेरामबाबा ओंजळीनं पाणी पीत होते. काळा कोट, धुतलेलं धोतर.

"तुम्ही? कधी आलात बाबा?"

"सकाळच्या यष्टीनं. आपले पाळक बोलणार म्हनल्यावर म्हटलं ऐकावं." त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. "गावातलं धा-बारा जण आलोत."

ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही. नव्या भिंतीकडे बघावं तसे.

"आवाज पार मागपतोर येत व्हता," ते म्हणाले.

"बाबा, मी नाव घेतलं नाही."

"न्हाई घ्येतलं. सुतार म्हनलात." टोपी झटकत म्हणाले, "माझ्या शेजारी राहुरीकडचा येक मानूस बसलेला. लई रडला. मला म्हनला, बिचारा म्हातारा."

टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली. "बिचारा म्हनला," ते पुन्हा म्हणाले, आणि यष्टीची वेळ झाली म्हणून निघाले.

पुढच्या रविवारी ते देवळात आले आणि शेवटच्या बाकावर बसले. वाचनाची वेळ झाली. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते जमिनीकडे पाहत होते. वाचन मी केलं. त्याच्या पुढच्या रविवारीही मीच केलं. गुरुवारी चारला कोणी आलं नाही. गावात मला कोणी काही विचारलं नाही. सभेला गेलेल्यांपैकी एकानंही माझ्या उपदेशाचा उल्लेख केला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. त्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी एक नवा उपदेश लिहिला. तो उपदेश नव्हता, कबुली होती. मी एका माणसाचा विश्वासघात केला, नगरला माझ्या मोठेपणासाठी त्याला सुतार करून मी त्याचं गुपित वापरलं, मी त्याची आणि देवाची क्षमा मागतो. लिहिताना मला रडू आलं. शनिवारी तो घेऊन मी ओहोळसाहेबांकडे गेलो आणि वाचायला लागलो.

अर्ध्या पानावर त्यांनी हात वर केला.

"हे उद्या देवळात बोलणार?"

"हो."

"म्हणजे नगरला सुतार होता, त्याला आता सावळेराम करणार."

मी कागद गुडघ्यावर ठेवला.

"तुला वाटतंय तू स्वतःला उघडं पाडतोयस," ते म्हणाले. "उघडा तोच पडतोय, दुसऱ्यांदा. तुझं मन हलकं व्हावं म्हणून. फाड ते."

मी कागद दुमडून खिशात घातला.

"तुम्हाला कसं कळलं, साहेब? सावळेरामबाबांचं?"

"आमच्या मंडळीत पुढच्या रविवारचा भाग आठ दिवस आधी जाहीर करायची पद्धत आहे. तुला कधी वाटलं नाही, का आहे ती? आजूबाजूच्या कुठल्या देवळात करतात?"

नव्हतं वाटलं. मला ती जुन्या लोकांची एक सवय वाटली होती. त्यातली गैरसोय तेवढी मी पाहिली होती.

"पहिल्याच रविवारी त्यानं हात वर केला," ओहोळसाहेब म्हणाले, "आणि त्याच्या बायकोचा चेहरा पांढरा पडला. मी तिकडंच बघत होतो. मग मी म्हटलं, आपण पुढच्या रविवारपासून सुरू करू, आणि भाग कोणता ते आजच सांगून ठेवतो. चाळीस वर्षं सांगितला. ती दोघंही याबद्दल माझ्याशी कधी बोलली नाहीत, मीही नाही." चहाचा कप त्यांनी चाचपून उचलला. "आता मला एक सांग. नगरला जायच्या आधी तू मला उपदेश वाचून दाखवलास. त्यात ही गोष्ट होती?"

"नव्हती."

"लिहिलेली होती?"

"होती. ते पान मी वगळलं."

"का?"

बाहेर कोणी तरी विहिरीवर बादली सोडली. रहाटाचा आवाज पुरता संपेपर्यंत ते वाट बघत राहिले.

"तुम्ही विचारलं असतं, हा माणूस कोण, त्याला विचारलंस का," मी म्हणालो.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग आता मी काय करू?"

"त्याच्याकडे जा. शास्त्र नेऊ नको, पाहुण्यासारखा जा. क्षमा एकदा माग, दोन शब्दांत. दुसऱ्यांदा मागितलीस तर ती देण्याचं ओझं त्याच्यावर टाकशील. त्यानंतर जात राहा. तो बोलेल तेवढं ऐक, नाही बोलला तर बस."

"किती दिवस?"

"ते त्याला ठरवू दे. आणि त्या शहरातल्या मंडळीचं म्हणशील, तर जा किंवा नको जाऊ. पण पळायला म्हणून जाऊ नको. इथून पळालास तर तिथंही लवकरच एखादी पायरी सापडेल तुला."

त्या गुरुवारी चारला मी सावळेरामबाबांच्या घरी गेलो. ते अंगणात गुरांसाठी पाण्याचा हौद बांधत होते. मी म्हणालो, "बाबा, माझं चुकलं." त्यांनी करणीनं मसाला लावला, वीट ठेवली, ठोकली, ओळंबा धरून पाहिला.

"ती पाटी हिकडं द्या," ते म्हणाले.

मी मसाल्याची पाटी दिली. अंधार पडायच्या आत हौद गुडघाभर वर आला. त्या दिवशी आणखी बोलणं झालं नाही.

शहरातल्या चिटणिसांना मी नकार कळवला. त्यांनी दुसरं पत्र पाठवलं नाही. मी दर गुरुवारी जात राहिलो. कधी ते कामावर असत, मग मी ओसरीवर बसून परत येई. कधी पिकाबद्दल बोलत, कधी जालन्याला दिलेल्या मुलीबद्दल, सुवार्ताबद्दल. एकुलती एक मुलगी, बापाला महिन्याला एक पत्र टाकायची. ती पत्रं आधी राहेलबाई वाचायच्या, गुरुवारचं येणं सुरू झाल्यावर मी वाचून दाखवू लागलो होतो. आता सावळेरामबाबा ती घेऊन दोन मैल चालत शेजारच्या गावच्या मास्तरांकडे जात. मला ते पोस्टमननं सांगितलं. रविवारी वाचन मीच करायचो, आणि पुढचा भाग आठ दिवस आधी जाहीर करायचो. ती पद्धत मी मोडली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ओहोळसाहेब झोपेतच गेले. कबर सावळेरामबाबांनी बांधली, कोणाला हात लावू दिला नाही. मातीच्या वेळी मी सात मिनिटं बोललो. परतताना ते माझ्या बाजूनं चालत होते. म्हणाले, "आटोपशीर झालं." नगरनंतर माझ्या बोलण्याबद्दल ते पहिल्यांदाच काही म्हणाले होते.

त्यानंतर आणखी आठ महिने गेले. फेब्रुवारीतला गुरुवार. चारला मी निघण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात सावळेरामबाबाच माझ्या ओसरीवर आले. सव्वा वर्षानं. पायरीवर बसले. कोटाच्या आतल्या खिशातून निळं आंतरदेशीय पत्र काढलं. फोडलेलं नव्हतं.

"पोरीचं हाये," म्हणाले. "दोन पत्रं हुकली. आन् ह्ये आलं तर मास्तरकडं न्यावंसं वाटंना." पत्र माझ्यापुढं धरलं. "वाचा."

मी फोडलं आणि वाचायला लागलो. पाचव्या-सहाव्या ओळीला माझा आवाज अडखळला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"थांबू नका."

मी शेवटपर्यंत वाचलं.

"पुन्यांदा."

पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "उत्तर लिहा. घर तुझंच हाये. ये. बाकीचं ऱ्हाऊ दे." मी लिहिलं. "सही कशी करू?" मी विचारलं. "बाप लिहा की," ते म्हणाले. उठताना त्यांनी पत्र मागून घेतलं, चौपदरी घडी करून आतल्या खिशात ठेवलं. ह्ये आपल्या दोघांतच, असं या वेळी ते म्हणाले नाहीत.

पंधरा दिवसांनी सुवार्ताबाई दोन ट्रंका घेऊन यष्टीतून उतरल्या आणि कायमच्या बापाच्या घरी राहिल्या. गावानं मला आडून आडून विचारलं. वडीलमंडळींनी सरळ विचारलं. माझं लग्न झाल्यावर बायकोनंही विचारलं. मी सगळ्यांना सांगितलं, बाबांना विचारा. बाबांना विचारायची कोणाची छाती नव्हती. सुवार्ताबाईंनी गावात बालवाडी काढली. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हाताखाली अक्षरं गिरवायला शिकली.

सावळेरामबाबांबद्दल एवढं सगळं मी आज कसा सांगू शकतो, हेही सांगायला हवं. सत्त्याऐंशी सालच्या हंगामाच्या सणाला, लोक धान्याच्या राशी देवळात आणून ठेवतात त्या दिवशी, ते काठी टेकत पुढे आले आणि मला म्हणाले, साक्ष द्यायची हाये. आणि भर मंडळीत त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. सासरा, हात, भाकरी, राहेलबाई. माझ्या उपदेशात ती गोष्ट ऐकून लोक रडले होते. त्यांच्या तोंडून ऐकताना हसले. मी सांगितलेल्या गोष्टीत एक दुबळा म्हातारा होता. त्यांच्या गोष्टीत एक चलाख जोडपं होतं, ज्यांनी चाळीस वर्षं अख्ख्या मंडळीला फसवलं.

ते बोलून थांबले तेव्हा बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, "आरं सावळेराम, आम्हाला काय नवं सांगतुस? भाग दोन पानांचा असला तरी तू पान उलटायचा न्हाईस!"

देवळात हशा पिकला. मी माझ्या खुर्चीवर बसून एकेक चेहरा बघत होतो. निम्म्या मंडळीला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं. बायकांना, शेतमजुरांना, वडीलमंडळींतल्या त्या भांडकुदळ गृहस्थांनासुद्धा. चाळीस वर्षांत कोणी एक शब्द काढला नव्हता. काढला तो मी एकट्यानं.

नव्वद साली सावळेरामबाबा गेले. मातीहून परत आल्यावर लोक हळूहळू पांगले. सुवार्ताबाई देवळातच बसून राहिल्या, पुढून दुसऱ्या बाकावर. मी दारं लावायला आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पाळकसाहेब, बाबांना वाचता येत नव्हतं, ते त्यांनी सांगितलं तेव्हाच मला कळलं. आईनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मनात आहे, विचारायचं धाडस झालं नाही. जालन्याहून माझं शेवटचं पत्र आलं होतं. ते त्यांना कोणी वाचून दाखवलं?"

"मी," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नऊ वर्षं आम्ही एकाच गावात होतो. माझ्या मुलांची नाकं त्यांनी पुसली होती, दर रविवारी माझ्यासमोर बसल्या होत्या. ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं.

"सगळं?"

"तीनदा."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग बाकावर थोडं आत सरकून जागा केली. मी दार तसंच उघडं ठेवलं आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.